ऐंशी किलोंची तूट

काटेवाल्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी न तोलता घरात घेतल्या होत्या: बायको आणि जावई. बायकोच्या बाबतीत, उशिरा का होईना, त्यांचं समाधान झालं होतं. जावयाच्या बाबतीत चौकशी अजून चालू होती.

गावाबाहेर, जिथे मोठा रस्ता नदीकडे वळतो, तिथे त्यांचा वजनकाटा होता. जमिनीलगत बसवलेला एक लांबलचक लोखंडी फलाट, शेजारी काचेची केबिन आणि केबिनच्या डोक्यावर लाल आकड्यांचा फलक. ट्रक फलाटावर यायचा, थांबायचा, आकडा पडायचा, पावती निघायची. तीस वर्षांत काटेवाल्यांनी त्या फलाटावर माणसाच्या बुद्धीची सगळी रूपं पाहिली. कुणी पाण्याची पिंपं भरून यायचा आणि वळणावर ओतून जायचा. कुणी मागचं एक चाक फलाटाबाहेर ठेवून आभाळाकडे बघत उभा राहायचा. सगळ्यात जुनी युक्ती ड्रायव्हरची. भरलेल्या ट्रकचं वजन करताना ड्रायव्हर आत बसून राहायचा, माल उतरवून रिकाम्या ट्रकचं वजन करताना खाली उतरायचा. मधला फरक मालात धरला जायचा. असा एक अंगापिंडानं भरलेला ड्रायव्हर वर्षभर, आठवड्यातून तीनदा, भंगार म्हणून विकला गेला होता आणि रोज घरी जेवायला परत येत होता. तो सापडल्यापासून केबिनवर पाटी लागली: ‘वजनाच्या वेळी ड्रायव्हरने खाली उतरावे.’ तिच्याखाली दुसरी पाटी होती: ‘मागच्या तारखेची पावती मिळणार नाही.’ या दुसऱ्या पाटीपुढे मोठमोठे ठेकेदार हात जोडून उभे राहिले होते. एकाच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं. काटेवाल्यांनी त्याला रुमाल दिला, पावती दिली नाही.

एवढ्या अनुभवातून त्यांनी एक नियम काढला होता. ड्रायव्हर ज्या दिशेला बोट दाखवतो, त्याच्या उलट दिशेला बघायचं. ‘साहेब, टायर बघा, नवेकोरे टाकलेत,’ असं कुणी म्हणालं की काटेवाले डिझेलच्या टाकीकडे बघायचे. बहुतेक वेळा तिथे काहीतरी सापडायचंच.

घर काट्याच्या मागेच होतं आणि जागा अरुंद असल्यामुळे घरातून गाडी रस्त्यावर न्यायची तर फलाटावरूनच न्यावी लागायची. घरातली कपाटं, फ्रीज, लेकीच्या लग्नाचे पाहुणे, सगळं तोलूनच आत आलं होतं. वडिलांना दवाखान्यात नेलेली रुग्णवाहिका त्यांना घेऊन परत येताना पन्नास किलोंनी हलकी भरली, तेव्हा ‘नर्स तिकडेच उतरली’ असा खुलासा झाल्यावरच काटेवाल्यांनी वडिलांची विचारपूस केली होती.

बायकोने मात्र तीस वर्षांत फलाटावर पाऊल ठेवलं नव्हतं. बाहेर निघाली की ती भिंतीला पाठ लावून, पिशवी पोटाशी धरून, फलाटाच्या कडेकडेने रस्त्याला लागायची. घरची जुनी व्हॅन तीच चालवायची, पण तीही कुणीतरी रस्त्यावर आणून दिल्यावर. ‘माझं वजन माझ्यापाशी,’ ती म्हणायची. ‘तोलायला तुम्हाला सगळं गाव मोकळं आहे.’

जावयाचं काम म्हणजे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो कुणीही वाचत नाही, तो छापण्याआधी वाचायचा. चुका शोधायच्या. लांबच्या शहरातला एक छापखाना त्याला गठ्ठे पाठवायचा आणि तो घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी बसून, लाल पेन घेऊन वाचायचा. छापखान्यात कायमची जागा देतो, इकडे या, असं ते दोन वर्षं म्हणत होते. पण लेक इथल्या शाळेत गणित शिकवत होती आणि तिला आईबापांना सोडून जायचं नव्हतं. म्हणून तो राहिला होता. काटेवाल्यांना एवढंच दिसत होतं, की हा माणूस दिवसभर वाचतो, हसत नाही आणि काहीही उचलत नाही. अशा माणसाचं नेमकं काय चाललंय हे कळायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं.

साठी उलटल्यावर काटेवाल्यांनी ठरवलं, की आता एक गाडी घ्यायची. साधीसुधी नाही, मोठी. बसल्यावर बाहेरचा आवाज ऐकू येत नाही म्हणतात, तशी. तीस वर्षं ट्रकांचे हॉर्न ऐकलेल्या माणसाची ही मागणी अवाजवी नव्हती. अडचण एकच होती. सगळ्यात जवळचं शोरूम सहाशे चाळीस किलोमीटरवर होतं. ‘सगळ्यात जवळचं’ हे शब्द शोरूमवाल्याचे.

न पाहिलेली वस्तू, न पाहिलेल्या माणसाकडून, फोनवर घ्यायची. काटेवाल्यांना रात्री झोप येईना, पण दिवस मात्र मजेत जाऊ लागले. संशय घ्यायला इतकी जागा त्यांना पूर्वी कधी मिळालीच नव्हती.

‘‘सर, मी गाडीचा व्हिडिओ दाखवतो,’’ शोरूमचा विक्रेता म्हणाला. आवाज गोड होता. म्हणजे पहिला मुद्दा.

‘‘गाडीभोवती एक चक्कर मारा.’’

विक्रेत्याने मारली.

‘‘आता उलटी मारा.’’

‘‘उलटी कशाला, सर?’’

‘‘सुलटी सगळेच दाखवतात.’’

त्याने उलटीही मारली. मग आजचं वर्तमानपत्र टपावर ठेवून दाखवलं. मग तारीख नीट दिसत नाही म्हणून जवळून दाखवलं. मग काटेवाल्यांनी त्याला गाडीखाली वाकायला लावलं. तेव्हा फोन खाली पडला आणि दोन मिनिटं नुसतं शोरूमचं छत दिसलं. काटेवाल्यांनी तेही लक्ष देऊन पाहिलं.

‘‘ट्रेलरवर घालून दारात पाठवतो, सर,’’ विक्रेता धापा टाकत म्हणाला.

‘‘ट्रेलरवाले मला शिकवू नका.’’

‘‘मग आमचा ड्रायव्हर घेऊन येईल.’’

यावर काटेवाले नुसते हसले. फोनच्या पलीकडे ते हसू पोचलं असावं, कारण विक्रेत्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

स्वतः जायचं म्हणजे काटा दोन दिवस दुसऱ्याच्या हाती द्यायचा. ते शक्य नव्हतं. काटा बंद ठेवायचा म्हणजे दोन दिवसांत किती ट्रक न तोलता नदीपार जातील, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि तोही बेत सोडून दिला.

‘‘जावईबापूंना पाठवा की,’’ बायको म्हणाली. ‘‘त्यांना तसंही छापखान्यात जायचंय. जाताना बसने जातील, येताना गाडी आणतील.’’

‘‘मीही जाते,’’ लेक म्हणाली. ‘‘दोन दिवस सुट्टीच आहे.’’

‘‘दोघं नकोत,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘दोघं गेले की एकमेकांना सामील होतात. एकटा माणूस निदान एकटाच असतो.’’

जावयाने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, ‘‘म्हणजे मी जाऊ?’’

‘‘जा,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘पण वाटेत कुणाशी बोलू नका. आणि गाडी नजरेआड करू नका.’’

मंगळवारी दिवे लागायच्या वेळेला गाडी आली. गडद निळी, लांब, आणि खरोखर आवाज न करणारी. काटेवाल्यांना ती फाटकाशी येऊन थांबली तेव्हाच कळली आणि ही गोष्टही त्यांना फारशी आवडली नाही. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं नाही. जावयाच्या बुटांकडे पाहिलं. मग दार उघडून किलोमीटरचा आकडा पाहिला.

‘‘तेहतीस जास्त आहेत.’’

‘‘पुलाचं काम चाललंय, बाबा. वळसा घालावा लागला.’’

काटेवाल्यांनी तिथल्या तिथे दोन ट्रकवाल्यांना फोन लावला. वळसा खरा निघाला. तीस किलोमीटरचा.

‘‘उरले तीन.’’

‘‘चहा शोधत होतो.’’

‘‘तीन किलोमीटर?’’

‘‘पहिल्या ठिकाणचा चहा बरा वाटला नाही.’’

‘‘प्यायलात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कळलं कसं?’’

‘‘अहो, त्यांना आत तरी येऊ द्या!’’ बायको फाटकातून ओरडली. ‘‘सकाळपासून गाडी हाकतोय तो माणूस.’’

पण गाडी आत यायची तर फलाटावरून येणार होती आणि फलाटावर आलेली वस्तू न तोलता पुढे जाऊ देणं काटेवाल्यांच्या हाडात नव्हतं. त्यांनी आधी शेजारच्या पंपावरून टाकी काठोकाठ भरून आणली, म्हणजे उद्या कुणी डिझेलचं निमित्त सांगायला नको. गाडी फलाटाच्या मधोमध उभी केली. खाली उतरले, जावयालाही लांब उभं केलं. केबिनमध्ये जाऊन माहितीपुस्तिका उघडली. जाड, गुळगुळीत कागद. बाविसाव्या पानावर ठळक अक्षरांत गाडीचं वजन होतं: २,१८० किलो. आकड्याच्या डोक्यावर माशी बसल्यासारखी एक बारीक चांदणी होती. ती त्यांनी बोटाने पुसून पाहिली. पुसली गेली नाही.

फलकावर लाल आकडा पडला: २,१००.

काटा दहा किलोंच्या उडीने बोलतो, त्याखालचं त्याला कळत नाही, हे काटेवाले उघडपणे मान्य करत. पण ऐंशी म्हणजे कळण्यासारखं होतं. त्यांनी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे आणली. २,१००. उलट्या तोंडाने उभी केली. २,१००. सकाळी दुधाचा टँकर आला तेव्हा, रोज भरतो तेवढाच भरला. म्हणजे काटा बरोबर होता. काट्यावर नुकताच सरकारी शिक्काही बसला होता. राहता राहिली गाडी.

आणि गाडी ज्याने आणली तो.

‘‘बाबा,’’ जावई बुधवारी सकाळी म्हणाला. पुस्तिका त्याच्या हातात होती. ‘‘या आकड्याखालची ओळ वाचा.’’ आणि त्याने बोट दाखवलं.

काटेवाल्यांनी त्याच्या बोटाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन गाडीची डिकी उघडली.

डिकीच्या तळाशी गालिचा होता. गालिच्याखाली खोलगट जागा होती. त्या जागेत स्टेपनी असायला हवी होती. तिथे एक छोटी निळी पिशवी होती आणि पिशवीत सायकलचा असतो तसला पंप.

काटेवाल्यांनी विक्रेत्याला फोन लावला.

‘‘सर, या मॉडेलला स्टेपनी येतच नाही.’’

‘‘एवढ्या मोठ्या गाडीला स्टेपनी नाही?’’

‘‘मोठी आहे म्हणूनच नाही, सर. हे टायर पंक्चर झाले तरी चालतात. ऐंशी किलोमीटरपर्यंत.’’

‘‘किती?’’

‘‘ऐंशी, सर.’’

काटेवाल्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत बसले. ऐंशी. इकडूनही ऐंशी, तिकडूनही ऐंशी. याला ते योगायोग म्हणायला तयार नव्हते.

दुपारी गॅरेजवाल्याला बोलावलं. तो गाडीखाली शिरला, तिथे अर्धा तास राहिला आणि कपडे झटकत बाहेर आला.

‘‘काय कमी आहे?’’

‘‘काही सांगता येत नाही, साहेब. खालून सगळं झाकलेलं आहे.’’

‘‘झाकलेलं म्हणजे?’’

‘‘म्हणजे झाकलेलं. पत्राच पत्रा.’’

‘‘काय झाकलंय?’’

‘‘ते दिसलं असतं तर झाकलंय कशाला म्हटलं असतं?’’ गॅरेजवाला म्हणाला आणि हात धुवायला पाणी मागू लागला.

बुधवारी रात्री जेवताना काटेवाल्यांनी ताटातली पोळी बाजूला सारली. ‘‘जावईबापू, वाटेत गाडी कुठे कुठे उभी होती?’’

जावयाने विचार करून सांगितलं. पंपावर एकदा. पुलापाशी रांगेत. चहाला वीस मिनिटं.

‘‘त्या वीस मिनिटांत गाडी समोर होती?’’

‘‘पाठीमागे होती. मी टेबलाशी बसलो होतो.’’

‘‘पाठ गाडीकडे?’’

‘‘हो.’’

‘‘पाठ गाडीकडे करून बसलात.’’

लेकीने पाण्याचा पेला जरा जोरातच खाली ठेवला. ‘‘वीस मिनिटांत ऐंशी किलो कोण काढेल, बाबा? आणि काय काढेल?’’

‘‘तेच तर विचारतोय. मी असं म्हणत नाही की यांनी. मी म्हणतो, यांच्या देखत.’’

‘‘म्हणजे तेच झालं!’’

‘‘किंवा यांच्या ओळखीच्या कुणी. शोरूम त्याच शहरात, छापखाना त्याच शहरात. दोन दिवस तिकडे होते. मी कुणाचं नाव घेत नाही.’’

‘‘सरळ म्हणा ना. चोर म्हणा.’’

‘‘मी आकडा म्हटला,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘शब्द तू म्हटलास.’’

जावयाने घास संपवला, ताट उचललं, स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि वर निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं रोजच्यापेक्षा हलकी वाजली की जड, ते काटेवाल्यांना ठरवता आलं नाही.

लेक मात्र बसून राहिली. ‘‘ऐका बाबा. परवा शुक्रवारी सकाळी साडेआठची बस आहे. आम्ही जातोय. कायमचे. छापखान्यातली जागा तो दोन वर्षं नाकारतोय, ती माझ्यासाठी. आणि मी इथे होते ती तुमच्यासाठी. ज्या घरात माझ्या नवऱ्याला चोर म्हणतात तिथे मी सणवारालासुद्धा यायची नाही.’’

‘‘मी चोर म्हटलं नाही.’’

‘‘मग त्याच्यासमोर उभं राहून ‘चुकलो’ म्हणा. एवढंच.’’

‘‘आणि ऐंशी किलो?’’

लेक उठून गेली. बायको ताटं गोळा करत म्हणाली, ‘‘ऐंशी किलो नाहीत म्हणून लेक घालवा. मग फलकावर बघा किती भरतं ते.’’

गुरुवारी शाळेतून येताना लेकीने राजीनाम्याचा अर्ज लिहून आणला. वर कपाटं उघडल्याचे, बंद झाल्याचे आवाज येत होते. बायको दोनदा वर गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा जावई खिडकीपाशी कागद तपासत बसला होता, जणू काही घडलंच नव्हतं.

‘‘तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगून टाका ना,’’ ती म्हणाली.

‘‘सांगितलं होतं, आई. त्यांनी डिकी उघडली.’’

‘‘मग पुन्हा सांगा. ओरडून सांगा.’’

‘‘पुन्हा सांगितलं तर तो माझा खुलासा होईल.’’ त्याने लाल पेनाचं टोपण लावलं. ‘‘ज्याच्यावर संशय आहे त्याचा खुलासा कोण धरतं? त्यांनी स्वतः वाचायला हवं. ओळ तिथेच आहे.’’

खाली आल्यावर बायकोने टेबलावरची पुस्तिका घेतली, खिडकीत बसून चष्मा लावला, मग चष्म्यावरून काटेवाल्यांचं भिंग धरलं आणि थोड्या वेळाने एकदाच, नाकातून, हसली.

‘‘काय झालं?’’ काटेवाल्यांनी केबिनमधून विचारलं.

‘‘काही नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय.’’ तिने पुस्तिका मिटली. ‘‘उद्या त्यांना बसवर मी सोडते. नवीन गाडीने.’’

‘‘ती गाडी अजून तपासात आहे.’’

‘‘मग तपासातल्या गाडीने सोडते.’’

‘‘व्हॅन घे की. तुला रस्त्यावर काढून देतो.’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘मीच काढीन.’’

तीस वर्षांत बायकोच्या तोंडून असं वाक्य आलं नव्हतं. काटेवाल्यांच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण त्या वेळी ते डिकीची मोजून आणलेली लांबी-रुंदी एका पावतीच्या पाठीवर मांडून बघत होते.

शुक्रवारी सकाळी आठला लेक आणि जावई दोन बॅगा घेऊन फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे होते. बॅगा गाडीत ठेवा असं बायकोने म्हटलं नाही. उलट, ‘‘तुम्ही पुढे व्हा, मी आणते गाडी,’’ असं म्हणून त्यांना पुढे काढलं होतं. काटेवाले केबिनमध्ये होते. त्यांना लेकीकडे बघायचं नव्हतं, म्हणून ते फलकाकडे बघत होते. फलक शून्यावर होता.

गाडी घरामागून आवाज न करता आली, फलाटावर चढली आणि मधोमध थांबली.

काटेवाल्यांनी हाताने खूण केली. पुढे घे.

गाडी हलली नाही. काच खाली आली.

‘‘आकडा वाचा,’’ बायको म्हणाली.

‘‘अगं, पुढे घे, बस जाईल.’’

‘‘वाचा म्हणते ना. मोठ्याने.’’

काटेवाल्यांनी मान वर केली. फलकावर २,१८० होते.

ते बाहेर आले. गाडीला एक चक्कर मारली. मग उलटी मारली. डिकी उघडली. रिकामी होती, नुसता पंप. मागची सीट पाहिली. रिकामी. बॅगा रस्त्यावर लेकीच्या पायाशी होत्या. मग त्यांची नजर सावकाश स्टीअरिंगकडे वळली आणि त्यांचे ओठ हिशेब करताना हलतात तसे हलू लागले.

‘‘म्हणजे तुझं वजन–’’

‘‘आकडा वाचायला सांगितला. शेरा मारायला नाही.’’ बायकोचा चेहरा लाल झाला होता, पण ती खाली उतरली नाही. तिने शेजारच्या सीटवरची पुस्तिका खिडकीतून पुढे केली. आत खूण म्हणून बसचं जुनं तिकीट घातलं होतं. पुस्तिकेवर भिंग होतं. ‘‘आता खालची ओळ.’’

या वेळी काटेवाल्यांना उलट दिशा उरली नव्हती. तीन बाजूंना बायको, लेक आणि जावई होते आणि चौथ्या बाजूला भिंत. त्यांनी भिंग धरलं. पानाच्या तळाशी, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत, तीच चांदणी काढून लिहिलं होतं: ‘नव्वद टक्के इंधन आणि ७५ किलो वजनाचा चालक धरून.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.

‘‘ड्रायव्हर आत!’’ ते ओरडले. ‘‘एवढी मोठी कंपनी, आणि ड्रायव्हर आत ठेवून वजन करते!’’ त्यांचा हात खिशात गेला आणि फोन बाहेर आला. ‘‘हॅलो! तुम्ही मला पंचाहत्तर किलोंचा ड्रायव्हर लावलाय. तो मला मिळालेला नाही.’’



‘‘सर,’’ विक्रेता चाचरत म्हणाला, ‘‘तो ड्रायव्हर म्हणजे तुम्हीच.’’

काटेवाल्यांनी फोन बंद केला. चार दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा उजळला होता. जगात कुणीतरी फसवत होतं, ही शंका खरीच निघाली होती. फक्त फसवणारा सहाशे चाळीस किलोमीटरवर होता.

‘‘बाबा,’’ रस्त्यावरून लेक म्हणाली, ‘‘बसला वीस मिनिटं आहेत.’’

उजळलेला चेहरा पुन्हा होता तसा झाला. ते फाटकातून बाहेर आले आणि जावयासमोर उभे राहिले. जावयाने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘‘ओळ वाचली,’’ काटेवाले म्हणाले.

‘‘हं.’’

‘‘तुम्ही सांगितलं होतंत. पण तुम्ही बोट दाखवलंत.’’ याहून मोठं स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हतं.

‘‘हो,’’ जावई म्हणाला. ‘‘तिथेच माझं चुकलं.’’

लेक काहीतरी बोलणार होती, पण काटेवाले वळून केबिनमध्ये गेले. यंत्राला हात न लावता त्यांनी खणातून हाताने लिहायचं पावतीपुस्तक काढलं. वीज गेली की वापरायचं. बराच वेळ लिहीत होते. मग शिक्का उठल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी पावती जावयाच्या हातात दिली.

वाहन: मोटार, निळी. वजन: पूर्ण. शेरा: माल जसाच्या तसा पोचला. आणणाऱ्याचा दोष नाही. तोलणाऱ्याचा आहे.

तीस वर्षांत त्या काट्यावरून शेवटच्या वाक्याची पावती निघाली नव्हती. लेकीने नवऱ्याच्या खांद्यावरून वाचली आणि तिची मान खाली गेली. जावयाने मात्र सवयीप्रमाणे पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. मग खिशातून लाल पेन काढलं आणि एका ठिकाणी गोल केला.

‘‘तारीख चुकलीय.’’

‘‘आज शुक्रवारच आहे.’’

‘‘गाडी मंगळवारी आली, बाबा. माल जसाच्या तसा मंगळवारी पोचला. पावती मंगळवारची हवी.’’

काटेवाल्यांनी केबिनवरच्या दुसऱ्या पाटीकडे पाहिलं. मग जावयाकडे. जावई पाटीकडे बघत नव्हता. त्याने ती रोज वाचली होती, तिच्यात एक वेलांटी चुकली होती हेसुद्धा त्याला ठाऊक होतं.

‘‘अशी पावती मी कुणाला दिलेली नाही,’’ काटेवाले म्हणाले.

‘‘माहीत आहे.’’

‘‘मंगळवारची दिली तर बुधवार, गुरुवार कुठे गेले?’’

‘‘तेच तर,’’ जावई म्हणाला.

लांब वळणावर बसचा हॉर्न ऐकू आला. लेकीने बॅग उचलली. काटेवाले आत गेले. केबिनच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती आणि ती बराच वेळ हलली नाही. मग खांदा हलला. पुन्हा शिक्का वाजला, या वेळी फार हळू, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जाऊ नये इतका.

मंगळवारची पावती जावयाने वाचली. उलटून पाठीमागे बारीक अक्षरांत काही लिहिलंय का ते बघितलं. उजेडासमोर धरली. काटेवाले हे सगळं बघत होते आणि जावयाबद्दल इतका आदर त्यांना यापूर्वी कधी वाटला नव्हता. तीस वर्षांत त्यांच्याकडून खोट्या तारखेची पावती काढणारा हा पहिलाच माणूस होता. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं.

जावयाने पावतीच्या आठ घड्या घातल्या, औषधाच्या कागदाला घालतात तशा, आणि ती खिशात ठेवली. बस न थांबता समोरून निघून गेली.

‘‘राजीनामा दिलास?’’ बायकोने गाडीतूनच विचारलं.

‘‘पर्समध्ये आहे,’’ लेक म्हणाली.

‘‘मग बस इकडे. बघू तरी आतून बाहेरचं खरंच ऐकू येत नाही का.’’ लेक शेजारी बसली आणि कुणी काही म्हणायच्या आत निळी गाडी फलाटावरून उतरून नदीच्या दिशेला निघून गेली.

रस्त्यावर उरले काटेवाले, जावई आणि दोन बॅगा. जावयाने दोन्ही बॅगा उचलल्या. कडेने गेला नाही. फलाटाच्या मधोमध चालत घराकडे निघाला. डोक्यावरच्या फलकाने लाल आकडा दाखवला.

काटेवाल्यांनी तिकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण लिहून घेतलं नाही.